रूळ, बोगदे आणि एक अबोल मजूर : मार्तीन रामिरेसची चित्रं



आज ज्या चित्रकाराबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव मार्तीन रामिरेस. जन्म १८९५ सालचा, मेक्सिकोतला. मृत्यू १९६३ साली, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, एका सरकारी मनोरुग्णालयात. आयुष्याची शेवटची बत्तीस वर्षं त्यानं अशाच रुग्णालयांत काढली. चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत तो गेला नाही. मूळचा शेतकरी, घोड्यावर बसणारा माणूस. अमेरिकेत आल्यावर रेल्वेच्या रुळांवर आणि खाणींत मजुरी करणारा. त्याची आज माहीत असलेली चित्रं साडेचारशेच्या आसपास आहेत आणि ती जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

हे व्याख्यान इतिहासाचं आहे, कलासमीक्षेचं नाही. त्यामुळे चित्रं सुंदर आहेत का, यावर मी फार वेळ घालवणार नाही. ती सुंदर आहेत, हे तुम्हाला बघितल्यावर कळेलच. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या माणसानं आपल्याबद्दल जवळजवळ काहीच लिहून ठेवलं नाही, ज्याची मुलाखत कुणी घेतली नाही, ज्याच्याबद्दलचे कागद बहुतेक डॉक्टरांनी आणि कारकुनांनी लिहिले, त्याचा इतिहास कसा लिहायचा? आणि ते कागद एक सांगत असतील आणि चित्रं दुसरंच, तर विश्वास कशावर ठेवायचा?

आधी चित्रांकडे बघू. रामिरेसनं काही मोजके विषय पुन्हा पुन्हा काढले. घोडेस्वार, माता मेरी, हरणं, कमानी असलेली अंगणं, आणि आगगाड्या. गाडीच्या चित्रात साधारण असं दिसतं : एका बाजूला डोंगर, त्याच्या पोटात अर्धवर्तुळाकार काळाकुट्ट बोगदा. त्यातून गाडी बाहेर पडते, रुळावरून वळण घेत कागदभर जाते आणि दुसऱ्या बाजूच्या बोगद्यात शिरते. डोंगर रंगवलेला नसतो, तो रेषांनी उभा केलेला असतो. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, अशा शेकडो समांतर रेषा. नांगरलेल्या शेतातल्या तासांसारख्या म्हणा हवं तर. गाडीच्या खिडक्या एकसारख्या, ओळीनं. आत माणूस बहुधा नसतोच.

बोगदा म्हटला की मनोविश्लेषणवाल्यांना फार सुचतं. रामिरेसच्या बोगद्यांबद्दलही बरंच सुचलं. गर्भाशय झालं, लैंगिक प्रतीकं झाली, दुभंगलेल्या मनाचा अंधार झाला. हे अर्थ लावले गेले तेव्हा एक साधी गोष्ट कुणी फारशी विचारात घेतली नव्हती. या माणसानं रेल्वेत काम केलं होतं. बोगदा त्याच्यासाठी आधी बोगदाच असणार, मग प्रतीक बिितीक.

म्हणून आपण सुरुवात त्याच्या गावापासून करू.

मेक्सिकोच्या पश्चिमेला हालिस्को नावाचं राज्य आहे. त्याचा ईशान्येकडचा उंच पठारी भाग म्हणजे लोस आल्तोस. तांबडी माती, पाऊस बेताचा, मका आणि गुरं यांच्यावर चालणारी लहान लहान शेती. माणसं कट्टर कॅथलिक आणि घोड्यावर फार जीव असलेली. तिथल्या तेपातित्लान तालुक्यात रामिरेसचा जन्म झाला. घरची परिस्थिती गरिबीची, दुसऱ्याची जमीन वाट्यानं करायची. १९१८ साली त्याचं लग्न झालं. तीन मुली झाल्या. पुढे त्यानं उधारीवर एक लहानसा जमिनीचा तुकडा घेतला, जनावरं घेतली. स्वतःचं काहीतरी उभं करायचं होतं. पण कर्ज फेडायला रोख पैसा लागतो आणि रोख पैसा गावात नव्हता. १९२५ च्या ऑगस्टमध्ये तो काही सोबत्यांबरोबर उत्तरेकडे निघाला. बायको गरोदर होती. मुलगा झाला तो बाप गेल्यानंतर, १९२६ च्या सुरुवातीला. त्या मुलाला वडिलांनी कधी पाहिलं नाही.

ही कहाणी ऐकताना कोकणातल्या घरांची आठवण येणं स्वाभाविक आहे. घरातला कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत, मागे बाई, पोरं, म्हातारी आणि दर महिन्याची मनीऑर्डर. फरक असा की कोकणातला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला घरी येऊ शकत होता. रामिरेसच्या आणि घराच्या मध्ये एक आंतरराष्ट्रीय सीमा होती आणि अडीच-तीन हजार किलोमीटरचं अंतर होतं.

आता तो गेला कसा? रेल्वेनं. आणि गेला कशासाठी? तर बऱ्याच अंशी रेल्वेसाठीच. इथे थोडं थांबून मागचा इतिहास बघायला हवा.

मेक्सिको सिटीपासून अमेरिकेच्या सीमेपर्यंतचा मध्य मेक्सिकोचा लोहमार्ग १८८४ साली पुरा झाला. तो अमेरिकन भांडवलानं बांधलेला होता. १८८८ साली त्याचा फाटा ग्वादालाहारापर्यंत, म्हणजे हालिस्कोच्या राजधानीपर्यंत पोचला. हे लोहमार्ग बांधले गेले ते मुख्यतः मेक्सिकोतली खनिजं उत्तरेला नेण्यासाठी. पण रूळ एकदा पडले की त्यावरून फक्त माल जात नाही, माणसंही जातात. पश्चिम मेक्सिकोतल्या गावांतून अमेरिकेकडे मजूर जाऊ लागले ते याच मार्गानं.

पलीकडे त्यांची गरज होती. अमेरिकेचा पश्चिम भाग जोडणारी पहिली रेल्वे सिएरा नेवाडा पर्वतातून गेली, तिचं सगळ्यात अवघड काम चिनी मजुरांनी केलं. खिंडीजवळचा मोठा बोगदा त्यांनी १८६७ साली आरपार फोडला. आपल्याकडे बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली. म्हणजे साधारण एकाच काळात पृथ्वीच्या दोन टोकांना माणसं सुरुंग लावून डोंगर फोडत होती आणि मरत होती. काम झाल्यावर काय झालं? १८८२ साली अमेरिकेनं कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. १९०७-०८ च्या सुमारास जपानशी समझोता करून जपानी मजूर येणं थांबवलं. १९२४ च्या कायद्यानं दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांवर कडक कोटा लावला. पण मेक्सिकोला त्या कोट्यातून वगळलं. हे प्रेमापोटी झालेलं नाही. शेतमालक, खाणमालक आणि रेल्वे कंपन्या यांना स्वस्त हात हवे होते, म्हणून झालं.

असे हे मेक्सिकन मजूर नैर्ऋत्य अमेरिकेतल्या लोहमार्गांवर कामाला लागले. त्यांना स्पॅनिशमध्ये ‘त्राकेरो’ म्हणत, ट्रॅकवर काम करणारा तो त्राकेरो. आपल्या भाषेत सांगायचं तर गँगमन. काम काय? कुजलेले लाकडी स्लीपर उपसून नवे घालायचे, पहारीनं रूळ सरळ करायचा, खाली खडी ठोकून बसवायची, वाहून गेलेला भराव पुन्हा घालायचा. उन्हाळ्यात रूळ तापून चटके बसतात, डोंगरात हिवाळ्यात बर्फ काढावा लागतो. राहायला पुष्कळदा जुने मालडबे, रुळाच्या कडेलाच उभे केलेले. काम संपलं की डबा पुढे सरकतो आणि डब्याबरोबर बिऱ्हाडही.

एक बारीकशी गोष्ट लक्षात घ्या. प्रवासी गाडीतून डोंगर बघतो तेव्हा त्याला देखावा दिसतो. गँगमन तोच डोंगर कसा बघतो? त्याला कापलेला कडा दिसतो, भरावाचा उतार दिसतो, वळणाचा बाक दिसतो. बोगद्याचं तोंड दिसतं आणि त्यातून गाडी कधी येईल याकडे त्याचा कान असतो, कारण गाडी आली की बाजूला व्हायचं असतं. रामिरेसच्या चित्रांत डोंगर असे कापलेले, बाक दिलेले, थरांथरांचे आहेत. त्यात फूल नाही, ढग नाही, सूर्यास्त नाही. हा अर्थ मी लावतो आहे हे मान्य. पण ज्यांनी गर्भाशय पाहिलं त्यांच्यापेक्षा हा अर्थ त्या माणसाच्या हातांच्या जास्त जवळचा आहे असं मला वाटतं.

१९२५ ते १९३० या पाच वर्षांत रामिरेस उत्तर कॅलिफोर्नियात रेल्वेत आणि खाणींत काम करत होता. घरी पैसे पाठवत होता. आणि याच काळात तिकडे गावाकडे आग लागली.

१९२६ साली मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष काय्येस यांनी चर्चच्या अधिकारांवर टाच आणणारे कायदे सक्तीनं लागू केले. उत्तर म्हणून धर्मगुरूंनी देशभर सार्वजनिक उपासना थांबवली आणि पश्चिम मेक्सिकोतल्या कॅथलिक शेतकऱ्यांनी बंदुका उचलल्या. हे क्रिस्तेरो युद्ध. ते १९२९ पर्यंत चाललं. त्याचा सगळ्यात धगधगता प्रदेश कुठला, तर लोस आल्तोस. सरकारी फौजेनं बंडखोरांची रसद तोडण्यासाठी खेडीच्या खेडी रिकामी करवली, लोकांना ठरावीक गावांत नेऊन कोंबलं. उभी पिकं गेली, गुरं गेली. ज्या जमिनीसाठी आणि जनावरांसाठी रामिरेस परदेशात रूळ ठोकत होता, ते सगळं या धुमाळीत सापडलं.

त्यातच एक पत्र आलं. ते भावानं पाठवलं होतं. त्यातल्या मजकुरावरून रामिरेसनं असा समज करून घेतला की आपली बायको घर सोडून सरकारी फौजेला जाऊन मिळाली. तसं काही झालेलं नव्हतं. ती मुलांना घेऊन हालअपेष्टा काढत होती. पण पत्रातला गैरसमज दूर करायला दुसरं पत्र लागतं आणि ते पोचावं लागतं. युद्धात टपालाचं काय होतं हे सांगायला नको. त्यानं घराशी मनातून नातं तोडलं. कुटुंबाकडून मिळालेली ही माहिती पुढे, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, संशोधकांनी नोंदवली. त्यावर मी येणारच आहे.

मग आली महामंदी. १९२९ च्या अखेरीस बाजार कोसळला, रोजगार आटला आणि सगळ्यात आधी कामावरून गेले ते मेक्सिकन मजूर. तेवढ्यावर भागलं नाही. कालपर्यंत हवा असलेला मजूर आज डोईजड झाला. पुढच्या काही वर्षांत लाखो मेक्सिकन लोकांना, त्यात अमेरिकेत जन्मलेली मुलंही होती, धाकदपटशा करून किंवा गोड बोलून गाडीत बसवून मेक्सिकोला पाठवण्यात आलं. तेही रेल्वेनंच. ज्यांनी रूळ दुरुस्त केले त्यांना त्याच रुळांवरून परत पाठवलं.

रामिरेस मात्र त्या गाडीत बसला नाही. गावी युद्ध, घर मनानं तुटलेलं, इकडे काम नाही, भाषा येत नाही. जानेवारी १९३१ मध्ये स्टॉक्टन शहराच्या परिसरात तो पोलिसांना भरकटलेल्या अवस्थेत सापडला. त्याची रवानगी स्टॉक्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात झाली. कॅलिफोर्नियातलं हे सगळ्यात जुनं सरकारी वेड्यांचं इस्पितळ, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सोन्याच्या शोधात आलेल्या गर्दीतून उभं राहिलेलं. तिथे त्याच्यावर आधी एक आणि मग दुसरं निदान चिकटलं. शेवटचं होतं स्किझोफ्रेनियाचं, त्यातल्या निश्चल, गप्प राहणाऱ्या प्रकाराचं.

तो आजारी नव्हताच, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणण्याचा अधिकार मला नाही. आज बसून नव्वद वर्षांपूर्वीच्या रुग्णाचं निदान बदलणं हा इतिहासकाराचा उद्योग नव्हे. पण इतिहासकार काही गोष्टी शेजारी शेजारी ठेवू शकतो. एक, त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याच्या भोवतीचा कारभार इंग्रजीत होता. दोन, कागदावर त्याच्या गप्प राहण्याची नोंद लक्षण म्हणून आहे. तीन, सुरुवातीच्या काळात त्यानं तिथून अनेकदा पळून जायचा प्रयत्न केला. चार, गप्प माणूस बोलतच नव्हता असं पुढे पक्कं धरलं गेलं, पण ते खरं नव्हतं. ज्यांना त्याची भाषा येत होती त्यांच्याशी तो बोलला होता. परक्या भाषेच्या दवाखान्यात आपला खेड्यातला एखादा म्हातारा कसा तोंड मिटून बसतो, आठवून बघा.

स्टॉक्टनमध्ये असतानाच, १९३० च्या दशकाच्या मध्यावर तो चित्रं काढू लागला. त्या काळातलं फारसं काही उरलं नाही. १९४८ साली त्याला डिविट या दुसऱ्या सरकारी रुग्णालयात हलवलं. हे ऑबर्न गावाजवळ, सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं बांधलेलं इस्पितळ नंतर राज्यानं घेतलं होतं. रामिरेसला क्षयाच्या रुग्णांच्या विभागात ठेवलं. आणि योगायोग बघा, ऑबर्न हे गाव त्याच लोहमार्गावर आहे जो चिनी मजुरांनी फोडलेल्या बोगद्यांतून पर्वत ओलांडतो. आज आपण पाहतो त्यातली बहुतेक चित्रं इथली, १९४८ ते १९६३ या पंधरा वर्षांतली.

आता तो काम कसं करायचा ते ऐका, कारण इथे मला त्याच्यातला मजूर सगळ्यात स्पष्ट दिसतो.

मोठा कागद मिळत नसे. मग तो मिळेल तो कागद गोळा करी : तपासणीच्या टेबलावर अंथरायचा पातळ कागद, खाकी पिशव्या, पुस्तकांची पानं, शुभेच्छापत्रं, जुनी पत्रं, कागदी पेल्यांचे तुकडे. ते एकमेकांना जोडून मोठा कागद करायचा. जोडायला डिंक कुठला? पाव किंवा उकडलेला बटाटा लाळेत कालवून त्याची खळ करायची. असे जोडून जोडून केलेले कागद माणसाच्या उंचीपेक्षाही लांब होत. रंगाच्या कांड्या वितळवून काडेपेटीच्या काडीनं रंग लावायचा. सरळ रेषा ओढायला पट्टी नाही, तर डॉक्टर जीभ दाबून घसा बघतात ती लाकडी चपटी काडी वापरायची. जमिनीवर बसून, वाकून, तासन्‌तास. झालेलं चित्र गुंडाळी करून ठेवायचं. सगळंच टिकलं असं नाही, पुष्कळशी चित्रं रुग्णालयातल्या साफसफाईत गेली.

यात वेड कुठे आहे? मला तरी यात हत्यार नसताना हत्यार शोधणारा कामगार दिसतो. माल कमी, जागा कमी, वेळ अमाप. आणि हिशेब पक्का, कारण पाच-सहा फुटांच्या कागदावर रूळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न चुकता न्यायचा म्हणजे आधी मनात आराखडा लागतो. समांतर रेषांमधलं अंतर बघा, हाताला सवय असल्याशिवाय ते जमत नाही.

आगगाड्यांशिवायची चित्रं मी थोडक्यात सांगतो, कारण ती एकमेकांशी जोडलेली आहेत. घोडेस्वार हा त्याचा सगळ्यात आवडता विषय. स्वार सशस्त्र असतो, छातीवर काडतुसांचे पट्टे, हातात पिस्तूल, पुष्कळदा मान मागे वळवलेली. तो उभा असतो एका चौकटीत. नाटकाच्या रंगमंचासारखी ती चौकट, खाली लाकडी फळ्या, बाजूला पडदे. हे स्वार मेक्सिकन क्रांतीतले की क्रिस्तेरो युद्धातले? नक्की सांगता येत नाही. काही स्वार बायका वाटतात आणि काही अभ्यासकांना त्यात त्याच्या बायकोबद्दलच्या त्या गैरसमजाची सावली दिसते. माझ्या मते यापलीकडे जाऊ नये. पण एवढं खरं की हा घोडा आणि हा स्वार लोस आल्तोसचा आहे.

दुसरी माता मेरी. डोक्यावर मुकुट, पायाखाली पृथ्वीचा गोल आणि साप. कॅथलिक परंपरेत ही मूर्ती ‘निष्कलंक गर्भधारणेची माता’ म्हणून ओळखली जाते आणि रामिरेसच्या भागातल्या चर्चमध्ये ती होती. म्हणजे जे त्यानं लहानपणापासून पाहिलं ते त्यानं आठवणीतून, मिळेल त्या कागदावर पुन्हा उभं केलं. ज्या धर्मासाठी त्याच्या गावानं युद्ध केलं त्या धर्माची ही आई आहे. इस्पितळाच्या कागदांत हे कुठे सापडणार?

आता या तिन्हींना एकत्र ठेवा. घोडा गावाचा, मेरी गावाची, रेल्वे त्या गावापासून दूर नेणारी. आणि बोगदे दोन. एकातून गाडी निघते, दुसऱ्यात जाते, पण ती कुठे थांबत नाही. स्टेशन जवळजवळ नाहीच. स्थलांतराचं इतकं सरळ चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

यानंतरची गोष्ट चित्रांची आहे, आणि तीही इतिहासाचाच भाग आहे.

टार्मो पास्टो नावाचे एक प्राध्यापक होते. सॅक्रामेंटोच्या सरकारी महाविद्यालयात ते मानसशास्त्र आणि कला हे दोन्ही विषय शिकवत. मनोरुग्णांच्या चित्रांत त्यांना रस होता. १९५० च्या सुमारास डिविटमध्ये त्यांची आणि रामिरेसची गाठ पडली. या माणसाचं काम वेगळं आहे हे त्यांनी ओळखलं. त्याला कागद आणि रंग मिळवून दिले, चित्रं जपून ठेवली, प्रदर्शनं भरवली. १९५५ साली त्यांनी दहा चित्रं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाकडे पाठवली. ती तिथे कित्येक वर्षं दुर्लक्षित पडून राहिली. पास्टो नसते तर आज आपण इथे हे बोलत नसतो, हे आधी मान्य केलं पाहिजे.

पण पास्टोंना त्या चित्रांत मुख्यतः काय दिसलं? मनाचा आजार. चित्रकार त्यांच्यासाठी एक केस होता. लोकांसमोर चित्रं आली ती एका स्किझोफ्रेनिक माणसाची कला म्हणून. त्याचं गाव, त्याचा धर्म, त्याचा रोजगार या गोष्टींची चौकशी झाली नाही. उपकार आणि अन्याय हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून, एकाच वेळी, चांगल्या हेतूनं होऊ शकतात, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

याच काळात, १९५२ साली, मेक्सिकोहून त्याचा एक नातेवाईक त्याला भेटायला आला. घरी चला म्हणाला. रामिरेस त्याच्याशी बोलला आणि परत जायला नको म्हणाला. एकवीस वर्षं बंद दारामागे काढलेल्या माणसानं असं का म्हटलं असेल, याचं उत्तर आपण आपल्या सोयीनं देऊ नये. फेब्रुवारी १९६३ मध्ये तो डिविटमध्येच वारला. बायको त्याला पुन्हा कधी भेटली नाही.

१९६८ साली जिम नट हे तरुण चित्रकार सॅक्रामेंटोला शिकवत असताना त्यांच्या नजरेला पास्टोंकडची चित्रं पडली. शिकागोच्या कलाविक्रेत्या फिलिस काइंड यांच्या साथीनं त्यांनी तो सुमारे तीनशे चित्रांचा संग्रह विकत घेतला, दुरुस्त करून घेतला आणि १९७३ पासून रामिरेसचं नाव कलाबाजारात आलं. नाव आलं ते ‘आउटसायडर’ या शिक्क्यासह. बाहेरचा. कशाच्या बाहेरचा? कलाशाळेच्या, शहाणपणाच्या, समाजाच्या. मुका, वेडा, एकाकी प्रतिभावंत अशी त्याची दंतकथा तयार झाली. दंतकथेला भावही चांगला येतो.

या दंतकथेला तडा दिला तो दोन समाजशास्त्रज्ञांनी. व्हिक्टर एस्पिनोसा आणि क्रिस्टिन एस्पिनोसा यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला अगदी साधी गोष्ट केली, जी आधीच्या पन्नास वर्षांत झाली नव्हती. ते हालिस्कोला गेले. चर्चमधल्या नोंदी बघितल्या, कुटुंब शोधलं, म्हाताऱ्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलले. जन्म, लग्न, जमीन, कर्ज, पत्र, युद्ध, हे जे मी आत्तापर्यंत तुम्हाला सांगितलं ते मोठ्या प्रमाणावर त्या कामातून पुढे आलं. कुटुंब तर तिथेच होतं. कुणी विचारायला गेलं नव्हतं, एवढंच.

२००७ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन लोककला संग्रहालयात रामिरेसचं मोठं प्रदर्शन झालं आणि त्यात पहिल्यांदाच त्याचं चरित्र नीट मांडलं गेलं. प्रदर्शनाच्या बातम्या वाचून ऑबर्नमधल्या एका घरातून निरोप आला. डिविटमधल्या एका डॉक्टरनं जपून ठेवलेली सुमारे १४० चित्रं त्या कुटुंबाच्या गॅरेजमध्ये होती, रामिरेसच्या अखेरच्या तीन वर्षांतली. मग प्रश्न आला : ही चित्रं कुणाची? ज्यांनी सांभाळली त्यांची, की ज्यानं काढली त्याच्या वारसांची? दोन्ही बाजूंमध्ये पुढे समझोता झाला. पण हा प्रश्न विचारला गेला हेच महत्त्वाचं, कारण त्याआधी कित्येक वर्षं ही चित्रं विकली जात होती आणि हालिस्कोतल्या मुलानातवंडांना त्यातलं काही मिळत नव्हतं. दंतकथेतल्या एकाकी माणसाला वारस नसतात. इतिहासातल्या माणसाला असतात.

२०१० साली माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात त्याचं प्रदर्शन झालं. २०१५ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्याच्या चित्रांची पाच तिकिटं काढली. एका पत्रानं ज्याचं घर तुटलं, त्याची चित्रं लोकांच्या पत्रांवर चिकटून घरोघर गेली. यावर मी काही भाष्य करत नाही.

तुम्ही म्हणाल, चरित्र कळल्यानं चित्रात काय फरक पडतो? रेषा तर त्याच आहेत. बरोबर आहे. आणि चरित्राचाही अतिरेक होऊ शकतो. प्रत्येक घोडा म्हणजे क्रिस्तेरो, प्रत्येक गाडी म्हणजे विरह, असं कोष्टक केलं तर आपणही त्या डॉक्टरांसारखेच होऊ. त्यांनी लक्षणं वाचली, आपण आठवणी वाचू. रामिरेस चित्रकार होता. वळण कुठे द्यायचं, काळा रंग किती ठेवायचा, कुठली जागा मोकळी सोडायची हे तो चित्राच्या गरजेनं ठरवत होता. तेवढं स्वातंत्र्य त्याला दिलंच पाहिजे. बाकी कुठलं त्याच्याकडे नव्हतं.

पण फरक पडतो तो आपल्या प्रश्नात. ‘वेड्या माणसानं इतकं सुंदर कसं काढलं?’ हा जुना प्रश्न. त्यात आश्चर्य आहे आणि थोडी तुच्छताही आहे. ‘घोडा, देव, रूळ आणि बोगदा यांतून गेलेल्या मजुराला काय दिसलं होतं?’ हा नवा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला इस्पितळाची फाइल पुरते. दुसऱ्यासाठी लोहमार्गांचा इतिहास लागतो, स्थलांतराचे कायदे लागतात, एका तालुक्यातलं युद्ध लागतं, चर्चच्या वह्या लागतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लागतात.

रेल्वेचा इतिहास आपण सहसा इंजिनिअरांचा, कंपन्यांचा आणि भांडवलाचा लिहितो. मैल किती, खर्च किती, पूल किती. रूळ सांभाळणाऱ्या माणसांची त्यात संख्या असते, नाव नसतं. ही माणसं डायऱ्या लिहीत नाहीत. क्वचित त्यांच्यातला एखादा गाणं रचतो, एखादा भिंतीवर काही काढतो, एखादा पिशव्यांचे कागद बटाट्याच्या खळीनं जोडत बसतो. ते कागद आपण पुरावा म्हणून वाचायला शिकलं पाहिजे. आपल्याकडेही घाटातल्या रुळांवर पिढ्यान्‌पिढ्या काम केलेली कुटुंबं आहेत. त्यांच्या घरात काय जपून ठेवलं आहे, हे विचारायला अजून उशीर झालेला नाही.

मी इथे थांबतो.  प्रश्न असतील तर अवश्य विचारा.